मगदूम डॉक्टरांचं शून्य

"दुखणं दहापैकी किती आहे, काका?"

"धा."

"काका, दहा म्हणजे अजिबात सहन न होणारं. जमिनीवर लोळावं लागेल असं."

पलीकडे थोडा विचारविनिमय झाला. मागून एका बाईचा आवाज आला, "कमी सांगितलंसा काय? वाढवा की."

"मग बारा लिव्हा," काका म्हणाले. "डॉक्टर लई गुणी हाय आमचा."

मी बारा लिहिलं नाही. संगणक बारा घेत नव्हता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात गुणवत्ता विभागात लागलो होतो. गुणवत्ता विभाग म्हणजे जिन्याखालचं एक टेबल. एका बाजूला रिकामे ऑक्सिजन सिलिंडर, दुसऱ्या बाजूला मी. पेशंटचे नातेवाईक आम्हा दोघांनाही टेकून उभे राहायचे.

पित्ताशय काढलेले पेशंट घरी गेले की त्यांना फोन करून "कसं काय" विचारायचं, हे माझं काम. पित्ताशय ही यकृताखाली लोंबणारी एक लहानशी पिशवी असते. तिच्यात खडे झाले की डॉक्टर पोटाला भोकं पाडून, दुर्बिणीनं ती पिशवी बाहेर काढतात. खडे एका बाटलीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात. नातेवाईक ती बाटली घरी टीव्हीशेजारी ठेवतात आणि आल्यागेल्याला दाखवतात. इथपर्यंत सगळं छान असतं. त्यानंतर पेशंटचं काय झालं, हे माझं खातं.

प्रश्न केळुसकर मॅडमनी तयार केले होते. मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. त्याआधी त्या गोव्याच्या एका मोठ्या हॉटेलात होत्या. प्रत्येक फोनच्या सुरुवातीला त्यांचं एक वाक्य म्हणणं सक्तीचं होतं: "आपण दिलेल्या उत्तरांवरून आपल्या डॉक्टरांचे गुणांकन केले जाईल." हे वाक्य हॉटेलातून आलं होतं. हॉटेलात पाहुणे गादी खराब असेल तर खराब आहे म्हणून सांगतात, कारण गादी कुणाच्या नात्यातली नसते.

आमच्याकडे तीन सर्जन होते. दोघांच्या नावापुढं काही ना काही असायचं. कुणाला ताप, कुणाची जखम चिघळलेली, कुणाला पुन्हा भरती करावं लागलेलं. तिसरे डॉक्टर अभिनंदन मगदूम. वयानं माझ्याहून फार मोठे नसतील. बारीक अंगाचे, कानांनी मोठे, डबा उभ्यानंच खायचे. एक वर्षाच्या करारावर आले होते आणि करार असा होता की मोठी गुंतागुंत झाली तर पुढचं वर्ष मिळणार नाही. त्यांच्या नावापुढं शून्य होतं. ताप शून्य, जखम शून्य, गुंतागुंत शून्य.

"बघितलंस?" मॅडम पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "याला म्हणतात क्वालिटी."

"मॅडम, इतकं शून्य असतं?"

"म्हणजे?"

"नाही, आमच्या आईचा कुकरसुद्धा कधीतरी शिट्टी चुकवतो."

"वाघमोडे," मॅडम म्हणाल्या, "तू फोन कर."

मी फोन केला. पुढचं नाव होतं शालन चौगुले, राहणार नांदवडी. मगदूम डॉक्टरांचे बहुतेक पेशंट नांदवडीचेच असत. त्या गावात पाण्यात काय आहे कुणास ठाऊक, घरटी एक पित्ताशय आमच्याकडे जमा होत होतं.

"नमस्कार, आपण दिलेल्या उत्तरांवरून आपल्या—"

"ठाऊक हाय," पलीकडून एक शांत आवाज आला. "सांगू का?"

"मी आधी विचारतो, मग तुम्ही—"

"दुखणं शून्य. ताप न्हाई. उलटी न्हाई. डोळं पिवळं न्हाईत. भूक चांगली, झोप चांगली, जखम कोरडी. डॉक्टर चांगला. झालं?"

झालं होतं. माझ्या पडद्यावरचे सगळे प्रश्न, त्याच क्रमानं. दुखण्याला दहाऐवजी शून्य म्हणणारी ती मला भेटलेली पहिली व्यक्ती. तिला प्रश्न समजला होता. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ सिलिंडरकडे बघत बसलो. डोळ्यांचं मी अजून विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात मॅडमनी बोलावलं. शुक्रवारी बाहेरून तपासणी समिती येणार होती. दवाखान्याला मानांकन मिळायचं होतं आणि समितीपुढं दाखवायला एक समाधानी पेशंट हवा होता. व्हिडिओत. हसणारा.

"मगदुमांचाच पेशंट घे," मॅडम म्हणाल्या. "ही शालन चौगुले घे. दुखणं शून्य देणारी. हिला बोलता येतं."

मी मोटरसायकल काढली आणि नांदवडीला निघालो.

गावाबाहेर ओढा ओलांडला की हवा बदलते, असं लोक म्हणतात. इथं खरोखर बदलली. आधी वास आला, मग शिंक आली, मग रंग. रस्त्याकडेच्या बाभळीची पानं पिवळी, विजेचा खांब पिवळा, खांबाखाली झोपलेलं कुत्रं पिवळं. चौगुल्यांची हळदीची गिरणी होती आणि हंगाम ऐन भरात होता. आजूबाजूच्या गावांची वाळलेली हळकुंडं तिथं दळायला येत. पत्र्याच्या शेडमधून पिठाचा ढग बाहेर पडत होता आणि त्या ढगातून माणसं येत-जात होती. सगळी पिवळी. पापण्या, मिशा, कानांतले केस, सगळं. दोन मिनिटांत मीही त्यांच्यातला झालो.

एक पिवळा माणूस हात पुसत पुढं आला. "कोण म्हणायचं?"

"दवाखान्यातून आलोय. शालनकाकूंना भेटायचंय."

"मी तिचा नवरा. अण्णा म्हणत्यात." त्यांनी मला आपादमस्तक बघितलं. "घाबरू नका, जातंय ते अंघोळीनं. लुगड्या-सदऱ्यावरचं जात न्हाई."

"काकू बऱ्या आहेत ना?"

"बरी म्हंजे? ऑपरेशन झालं, घरी आली, तिसऱ्या दिवशी गिरणीवर हजर. म्हटलं, घरात पड. तर न्हाई. आता तर इथंच बसून असती दिवसभर. भाकरीबी हितंच मागवती." अण्णा हसले. "खाती कवा ते मात्र दिसत न्हाई."

शेडच्या आतल्या कोपऱ्यात, दळण पडतं तिथं अगदी जवळ, एका पोत्यावर शालनकाकू बसल्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. अंगावर हळदीचा थर इतका की लुगड्याचा मूळ रंग कोणता हे सांगता आलं नसतं. दोन्ही डोळ्यांवर त्यांनी एक ओला फडका घट्ट दाबून धरला होता.

"डोळ्यांत पूड गेलीय," अण्णा म्हणाले. "दोन-तीन दिस झालं. धुवून निघंना."

"कोण आलंय?" काकूंनी फडका न काढता विचारलं.

"दवाखान्यातला पोरगा."

काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्या कवलापूरच्या पोत्यांचं बघा. मी बोलते ह्याच्याशी."

अण्णा गेले. जातं घरघरत होतं. मी समोरच्या पोत्यावर बसलो, खिशातून मोबाइल काढला आणि आयुष्यातली सगळ्यात विचित्र मुलाखत सुरू केली.

"काकू, एक छोटा व्हिडिओ काढायचाय. तुम्ही फक्त हसायचं आणि सांगायचं, ऑपरेशन छान झालं."

"हसते की."

"फडका काढावा लागेल."

"असाच काढ. डोळं हवेत कशाला? हसते तोंडानं."

त्या हसल्या. मी पडद्यावर बघितलं. पिवळ्या ढगात पिवळ्या पोत्यावर डोळ्यांवर फडका धरलेली एक पिवळी बाई दात दाखवत होती. खंडणीसाठी पळवून नेलेल्या माणसाचा व्हिडिओ असतो ना, तसं दिसत होतं. केळुसकर मॅडमना हे चाललं नसतं.

"काकू, यात सगळंच पिवळं दिसतंय हो. तुम्ही कोण आणि पोतं कोणतं ते कळत नाही."

"तेच बरं हाय," काकू म्हणाल्या.

त्या बोलून गेल्या आणि थांबल्या. त्यांचा मोकळा हात दुसऱ्या दंडावर खाजवत होता. मी आल्यापासून तो खाजवतच होता. हळद निघून गेलेल्या जागी लांबलचक ओरखडे उठले होते, आणि काहींतून रक्त आलं होतं. ओरखड्यांच्या खालची कातडीसुद्धा पिवळी होती.

"खाज सुटते?" मी विचारलं.

"हळदीनं सुटती."

"हळदीनं? काकू, तुम्ही जन्मभर हळदीत आहात."

त्यांनी ओरखड्यांवर पदर ओढला.

"भाकरी कुठं जाते?"

"कुत्र्याला घालते." मग सहज सांगावं तसं, "नको वाटती. वास आला तरी पोट ढवळतं."

मी मोबाइल खिशात ठेवला. जात्याजवळ उकडत होतं, माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. काकूंच्या अंगावर मात्र काटा आला होता.

"काकू, डोळे दाखवा."

"तू डॉक्टर हाईस?"

"नाही. बी.कॉम."

"मग तुला बघून काय कळणार?"

"काही नाही कळणार. तरी दाखवा."

त्यांनी आधी अण्णा जवळ नाहीत ना याचा कानोसा घेतला. मग फडका खाली घेतला आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

त्या शेडमध्ये इतकं पिवळं होतं की पिवळ्याबद्दल माझं मत तयार झालं होतं. हे पिवळं ते नव्हतं. हळदीचं पिवळं उबदार असतं, लग्नाघरचं असतं. यात हिरवी झाक होती. मार लागून जुन्या झालेल्या वळासारखी. डोळ्यात पांढरं म्हणून काही उरलंच नव्हतं, आणि त्याच्या मधोमध दोन काळी बुबुळं माझ्याकडे अगदी शांतपणे बघत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"घरी आले त्यानंतर चार-पाच दिसांनी. लघवी आधी लाल झाली, आता काळ्या चहासारखी." त्यांनी फडका परत डोळ्यांवर ठेवला. "तुझा पुढचा प्रश्न त्योच असंल म्हणून सांगितलं."

"कुणाला सांगितलंत?"

"तुला."

"अण्णांना?"

"त्यांना हितं काय दिसणार? म्हणून तर हितं बसते. घरात गेले, अंघोळ केली, तर दिसंल."

जात्यात नवं पोतं रिकामं झालं आणि ढग आमच्यावर आला. तो बसेपर्यंत आम्ही दोघं शिंकत होतो. मी इतका घाबरलो होतो की मध्येच "देवा" म्हणालो, शिंक आली की म्हणतात तसं.

"काकू, फोनवर तुम्ही सांगितलंत डोळे पिवळे नाहीत. मी विचारायच्या आधीच."

"तूच म्हणालास की. आपण दिलेल्या उत्तरांवरून डॉक्टरांचे गुणांकन केले जाईल." त्यांनी मॅडमचं वाक्य एक अक्षर न चुकवता म्हटलं.

"ते वाक्य मॅडमचं आहे."

"आवाज तुझा हुता." मग त्या जरा पुढं वाकल्या. "अभि माझ्या धाकट्या बहिणीचा पोरगा. पाचवीपासून धावीपर्यंत माझ्या घरात राहिला. ह्या पोत्यांवर झोपून अभ्यास केलाय त्यानं. नांदवडीचा पहिला डॉक्टर, तेबी चिरफाड करणारा. गावात कुणी जाईना त्याच्याकडं. म्हणायची, शालनचा अभ्या, काल चड्डीत हिंडत हुता, त्याच्याकडं पोट उघडायला कोण दिल? मग मी एकेकाला समजावून धाडलं. आणि खडं मला झाल्यावर मी कुठं जाणार? दुसऱ्याकडं गेले असते, तर गाव काय म्हणालं असतं?"

"पण काकू, हे वाढत जाईल. तुम्ही..."

"शुक्रवारी तुमचं कोण येणार हाय ना? अभि म्हणत हुता."

"हो."

"त्ये गेलं की त्याचं वरीस पक्कं हुईल. मग सांगणार हुते."

"आणि शुक्रवारपर्यंत...?"

"शुक्रवारपर्यंत हळदीत बसते," शालनकाकू म्हणाल्या.

मी उठलो. शेडबाहेर आलो, पिवळ्या कुत्र्याजवळ उभा राहिलो आणि मगदूम डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"सर, मी वाघमोडे. गुणवत्ता विभाग. मी आत्ता नांदवडीत—"

"डोळे?" डॉक्टर म्हणाले.

मी काकूंचं नावही घेतलं नव्हतं.

"डोळे पिवळे आहेत का, वाघमोडे?"

"हो, सर."

फोन बंद झाला.

ते मोटरसायकलवरून आले तेव्हा त्यांच्या अंगावर ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे तसेच होते. त्या पिवळ्या गावात हिरवा माणूस बघून गिरणीतले लोक काम थांबवून बघत राहिले. अण्णाही पुढं आले. "अभि? आज कसा काय?" डॉक्टर त्यांना ओलांडून आत गेले. कुणीतरी जातं बंद केलं. ती घरघर थांबल्यावर शेडमध्ये अशी शांतता झाली की पत्र्यावरून हळद घसरल्याचा आवाज येतोय असं वाटलं.

"मावशी. फडका काढ."

"जेवलास का?"

"मावशी."

"मी उघडते डोळं, पर तू आधी सांग. तुझं काय हुणार?"

"काही होणार नाही."

"खोटं बोललास," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी फडका काढला.

डॉक्टर गुडघ्यावर बसले. त्यांनी खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली, पोटावर हात ठेवला, बरगडीखाली जरा दाबलं. काकूंनी श्वास रोखला पण आवाज केला नाही. डॉक्टरांचे मोठे कान लालभडक झाले होते.

"रोज संध्याकाळी फोन करत होतो मी," ते म्हणाले. त्यांचा आवाज शाळेतल्या पोरासारखा निघाला. "रोज विचारत होतो. तू म्हणायचीस, दोन भाकरी खाल्ल्या. झोप झाली. मावशी, तू रोज मला..."

"व्हय. रोज सांगत हुते." काकूंनी त्यांच्या डोक्यावरची हळद झटकली. "तू रोज इचारत हुतास. पर बघायला एकदा तरी आलास का रं, अभि?"

डॉक्टर तसेच गुडघ्यावर बसून राहिले. गाव दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर होतं.

मग ते उठले आणि अण्णांना म्हणाले, "टेम्पो काढा. मिरजेला जायचंय. माझ्या मोठ्या सरांकडे."

"काय झालंय?" अण्णा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "अरे, कुणीतरी सांगशीला का?"

"पित्त यकृतातून आतड्यात जातं ना, त्या नळीला माझ्या हातून चिमटा लागलाय, काका. वाट बंद झालीय. आता पित्त रक्तात चाललंय."

"कधी?"

"ऑपरेशनच्या दिवशीच."

अण्णांनी बायकोकडे बघितलं. नवऱ्यानं बायकोला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बघावं तसं बघितलं. मग ते धावत टेम्पोकडे गेले.

टेम्पोत मिरजेच्या बाजाराला जायची पोती भरलेली होती. ती उतरवायला वेळ नव्हता. आम्ही काकूंना पोत्यांवरच आडवं केलं. डॉक्टर त्यांच्या उशाला बसले, मी पायथ्याशी. का बसलो ते मला कुणी विचारलं नाही. अण्णांनी गाडी सोडली. गावातून बाहेर पडेपर्यंत काकूंना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, आख्खं अंग पोत्यांवर उडायला लागलं. डॉक्टरांनी रिकामी बारदानं ओढून त्यांच्यावर घातली, वर स्वतःचे हात दाबून धरले.

"थंडी वाजून ताप," ते मला म्हणाले. "म्हणजे आत पू व्हायला लागलाय." हे सांगायला दुसरं कुणी तिथं नव्हतं म्हणून ते मला सांगत होते.

थरथर जरा कमी झाली तेव्हा काकूंनी मान वळवली. "पोरा, तुझा एखादा प्रश्न राहिला का? एवढ्या लांब आलास."

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. मला ते कधीच जमलं नाही. "शेवटचा राहिलाय," मी म्हणालो. "आपण आपल्या परिचितांना हा दवाखाना सुचवाल का?"

काकू हसल्या. या वेळी खरं हसल्या. "सुचवला की. गावातल्या एकेकाला हात धरून धाडलंय. भूपालआप्पा, पाटलाची कमल, सुतारवाड्यातली दोघं..." त्या दम घेत बोलत होत्या. "आणि ती घरी आल्यावर पुन्हा एकेकाच्या दारात जाऊन सांगून आले. फोन आला की असं असं म्हणायचं. पाठ करून घेतलं त्यांच्याकडनं. अभिचा मार्क कमी पडता कामा नये."

टेम्पो एका खड्ड्यात आदळला. डॉक्टरांनी मान वर केली.

"काय पाठ करून घेतलंस, मावशी?"

"तुमच्या प्रश्नांची उत्तरं. क्रमानं. फोन आलेल्यांकडनं प्रश्न काढून घेतलं, आणि दुखण्याला सगळी धा म्हणत हुती तेबी मागनं सुधारलं. काहीबी होत असंल तरी तेच म्हणायचं. बाकीचं आपल्या घरात."

"काहीबी म्हणजे? कुणाला काय होतंय?"

"ते मी कुठं इचारलं?" काकू म्हणाल्या. त्यांचे ते हिरवट डोळे आभाळाकडे लागले होते. "इचारलं असतं तर कळलं असतं."

मला वाटतं, डॉक्टरांच्या डोळ्यांपुढं त्या वेळी मॅडमचा तो पडदा आला असणार. ताप शून्य, जखम शून्य, गुंतागुंत शून्य. मग त्यांनी चालकाच्या काचेवर मुठीनं दणके द्यायला सुरुवात केली. अण्णांनी करकचून ब्रेक दाबला.

"वाघमोडे, उतर."

"मी?"

"मला हिला सोडता येत नाही. तू परत जा. घराघरात जा. प्रश्न विचारू नकोस. बघ. डोळे बघ, पोट बघ, जखम उघडून बघ. ज्याच्याबद्दल शंका येईल त्याला दवाखान्यात आण. कुठल्याही डॉक्टरकडे ने, माझ्याकडे आणलं नाहीस तरी चालेल."

"सर, मी बी.कॉम. आहे."

"तू मावशीला बघितलंस," डॉक्टर म्हणाले. "मी नाही बघितलं. उतर."

मी उतरलो. टेम्पो गेला, त्याच्यामागं हळदीचा एक पट्टा रस्त्यावर पडत गेला.

शालनकाकू वाचल्या, हे आधीच सांगून टाकतो. मिरजेत त्यांचं पोट पुन्हा उघडून नळी जोडावी लागली आणि ताप हटायला फार वेळ गेला. मगदूम डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी केळुसकर मॅडमना स्वतः फोन करून सगळं सांगितलं. त्यांचा करार पुढं वाढला नाही. पण त्या दुपारी, रस्त्यात एकटा उभा असताना, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी फक्त गावाकडे पळत होतो.

वेशीतलं पहिलं घर भूपालआप्पांचं. आप्पा ओसरीवर उन्हात बसले होते. सत्तरीचे, टोपी घातलेले, अंगात पांढरा स्वच्छ सदरा. नांदवडीत त्या दिवशी मी बघितलेली ती पहिली पांढरी वस्तू.

"आप्पा, दवाखान्यातून आलोय."

"या, या. बसा." आप्पा सावरून ताठ बसले. तपासणीला आलेल्या साहेबापुढं पोरं बसतात तसे. मी काही बोलायच्या आत त्यांनी सुरू केलं. "दुखणं शून्य. ताप न्हाई. उलटी न्हाई. डोळं पिवळं न्हाईत."

"आप्पा, डोळे मोठे करा."

त्यांनी केले. मी जवळ जाऊन दोन्ही पापण्या खाली ओढून बघितल्या. म्हातारपणानं गढूळ होते, पण पांढरे होते. पांढरे! मला एवढं हायसं वाटलं की मी तिथंच पायरीवर बसलो.

"बरं हायत न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"अगदी बरे आहेत, आप्पा."

"मग म्होरलं सांगतो." आप्पा खुशीत आले. "भूक चांगली. झोप चांगली. जखम कोरडी."

मी खाली बसलो होतो म्हणून माझी नजर बरोबर त्यांच्या पोटाशी आली. पांढऱ्या सदऱ्यावर बेंबीपाशी एक ओला डाग होता, कडेला पिवळसर आणि मध्ये तपकिरी. त्यावर दोन माश्या बसल्या होत्या. मी बघतोय हे लक्षात आल्यावर आप्पांनी त्यावर हात ठेवला. बोटांच्या फटींतून ओल वर आली.

"हात काढा, आप्पा."

आप्पा माझ्याकडे बघून हसत होते. अगदी मनापासून, गावच्या पोराचं भलं व्हावं म्हणून हसतात तसं.

"जखम कोरडी हाय," ते म्हणाले, आणि हात आणखी घट्ट दाबला.